आठ नंबरच्या लॉकरवरचा जग

मी पाण्याचा जग बोलतोय. स्टीलचा, दोन लिटरचा, पोटाला एक पोचा, कान जरा वाकडा. माझ्या अंगात आतून चार रेघा आणि चार आकडे कोरलेत, अर्धा, एक, दीड, दोन. तेवढंच माझं शिक्षण. पुढचं मला येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. पुढचं ज्यांना येतं त्यांनी काय दिवे लावले ते मी पाहिलंय.

ऐकायचं तर ऐका. गोड बोलणं मला जमत नाही, पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही. लॉकरवर ठेवला की मी आपोआप डगडगतो. लोक म्हणतात लॉकरचा पाय आखूड आहे. असेल. पण मला स्वतःलाच स्वस्थता नाही, हेही खरं.

जन्म माझा दणक्यात झाला. पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा एक दणका बसला तसं पोट झालं, दुसऱ्या दणक्याला गळा. कान जोडणारा गडी त्या वेळी शेजारच्याशी हुज्जत घालत होता, म्हणून कान वाकडा बसला. तपासणाऱ्याने मला फिरवून पाहिलं, नाक मुरडलं आणि "चालतंय" म्हणून पुढे ढकललं. निम्मी दुनिया "चालतंय" या एका शब्दावर उभी आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

तिथून मी दवाखान्यात आलो. आधी बाळंतिणींकडे होतो. मग काही महिने कुणा मोठ्या साहेबांच्या टेबलावर माझ्यात फुलं खोचत होते. ते दिवस मी मोजत नाही. मग पुरुषांच्या वॉर्डात गेलो. तिथे एका जावयाने सासऱ्यापुढे कागद धरला आणि म्हटलं, बाबा, आता सही करूनच टाका. सासऱ्याने सही केली नाही, मला फेकून मारलं. पोचा तेव्हाचा. जावई वाचला. शेवटी हाडांच्या ऑपरेशनचा बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळचा आठ नंबरचा पलंग आणि त्याच्या लॉकरवर मी.

आता माझं काम सांगतो, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. प्रत्येक पलंगाच्या पायाशी एक तक्ता टांगलेला असतो. त्यावर लिहायचं, पेशंटच्या आत किती गेलं आणि बाहेर किती आलं. आत किती गेलं ते कसं कळणार? सकाळी मला दोनच्या रेघेपर्यंत भरायचं. संध्याकाळी येऊन माझ्यात डोकावायचं. पाणी अर्ध्याच्या रेघेवर असलं, की लिहायचं, दीड लिटर प्यायली. झालं. जगातून कमी झालं ते माणसाच्या पोटात गेलं, असा यांचा हिशोब. मधल्या वाटेत काय झालं ते कोणी विचारत नाही. मीही तेव्हा ते गृहीतच धरत होतो. रिकामं व्हायचं आणि परत भरायचं, एवढंच मला माहीत.

आठ नंबरवर कंडक्टरबाई आल्या. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. घरात स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. एका खोलीत एकट्या राहायच्या, त्या खोलीची किल्ली दोऱ्यात ओवून मनगटाला बांधलेली. ऑपरेशनच्या वेळी ती काढावी लागली, तर शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द "किल्ली".

मुलगा भला माणूस, पण भित्रा. सूनही भली, पण दमलेली. दोघांनी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था पाहून ठेवली होती. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांचा राउंड व्हायचा होता आणि त्यात ठरायचं होतं, की बाई आपल्या खोलीवर जातील की संस्थेत. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळेल, चालतील. डोकं ठिकाणावर असलं तर घरी पाठवायला माझी हरकत नाही. कंडक्टरबाई म्हणाल्या, माझं डोकं ठिकाणावर नसतं तर तीस वर्षं एवढी माणसं ठिकाणावर पोचली नसती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांची लघवीची नळी काढली. त्याच दुपारी ते घडलं. त्यांना लागली होती. उशाशी घंटीचं बटण असतं, ते त्यांनी दाबलं. कोणी आलं नाही. पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं, मी मोजलंय, चारपर्यंत मला येतं. पलीकडे चार नंबरला उलट्या होत होत्या, सगळे तिकडे. पाचव्यांदा त्यांनी बटणाकडे हातच नेला नाही, आणि चादर ओली झाली.

मग वॉर्डातली मावशी आली. बाई वाईट नाही ती, दोन बायकांचं काम एकटी ओढते. पण तोंडाला लगाम नाही. भेटीची वेळ, सून समोर उभी, वॉर्ड माणसांनी भरलेला, आणि मावशी म्हणाली, "एवढी घाई होती तर सांगायचं ना, आजीबाई. आत्ताच चादर बदलली होती."

 ज्या बाईने दारूड्यांना चालत्या गाडीतून शब्दांनी खाली उतरवलं, ती बाई भिंतीकडे बघत बसली. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी सोडलं. औषधाच्या गोळीबरोबर दोन घोट, बस्स. मी भरलेला राहिलो असतो तर कोणालातरी कळलं असतं. पण बाई हुशार. दुपारी साडेतीनला वॉर्ड पेंगतो. त्या वेळी त्या मला कानाला धरून ग्लासात पाणी ओतायच्या आणि कोपराशी असलेल्या खिडकीतून ग्लास बाहेर रिता करायच्या. एक, दोन, तीन, चार ग्लास आणि पुढे मला मोजता न येणारे, पाणी अर्ध्याच्या रेघेला येईपर्यंत. मग मला जागेवर ठेवून तोंड पुसायच्या, खरंच प्यायल्यासारख्या. संध्याकाळी सिस्टर डोकावायच्या आणि लिहायच्या, दीड लिटर. वर म्हणायच्या, शाबास आजी.

मी खोटा साक्षीदार झालो हो. रोज माझ्या पोटाकडे बघून खोटं लिहिलं जायचं आणि मी गप्प. डगडगण्याशिवाय मी करणार काय? सिस्टर मला दाबून नीट ठेवायच्या आणि लॉकरच्या पायाखाली घडी घालून कागद सारायच्या.

या सिस्टरना वॉर्डात पट्टीवाल्या म्हणायचे. चाळिशीच्या, नीटनेटक्या, खिशात कायम सहा इंची पट्टी. तक्त्यावरची प्रत्येक रेघ पट्टी लावून मारायच्या. नवीन मुलींना समजावताना मी ऐकलंय त्यांना. रोग कोणता हे डॉक्टर ठरवतात. पण हाड मोडलं म्हणून त्या माणसाला आत्ता, या पलंगावर, काय नडतंय, हे ओळखणं आपलं निदान. ते ज्या कारणाने नडतंय ते कारण शोधायचं आणि त्या कारणावरच उपाय लिहायचा. बोलणं अगदी लाखाचं. पण लाखाचं बोलणारं माणूसही पाच पैशांना चुकतं, ते असं.

मंगळवारी संध्याकाळी कंडक्टरबाई बरळायला लागल्या. वॉर्डाची बस झाली. समोरच्या बाईला म्हणाल्या, पुढे सरका, पुढे जागा आहे. डॉक्टर तपासायला वाकले तर त्यांच्याकडे तिकीट मागितलं. सगळा वॉर्ड हसला, डॉक्टरही हसले. मुलगा तेवढा हसला नाही. बुधवारी त्या पलंगाच्या कठड्यावरून पाय टाकून उतरायला निघाल्या, मावशीने धावत जाऊन धरलं म्हणून खुबा वाचला.

पट्टीवाल्या सिस्टरनी छापील कागद काढला. वॉर्डात असे कागद तयारच असतात, नेहमीच्या अडचणी छापलेल्या, आपण खूण करायची. त्यांनी खूण केली, 'गोंधळलेली मनःस्थिती'. कारणाच्या जागी लिहिलं, 'वय, ऑपरेशन, नवी जागा'. तक्ता पाहिला, तर त्यावर दीड लिटर, दीड लिटर, दीड लिटर. पाण्याची शंका यायला जागाच नव्हती. बाहेर किती आलं त्या रकान्यात नळी काढल्यापासून आकडाच नव्हता, नुसत्या मावशीच्या बरोबरच्या खुणा. झाली म्हणजे झाली. किती झाली, रंग कसा, कोण बघतंय?

मग उपाय. समोर मोठं घड्याळ लावलं. तारखेची पाटी लावली. येणारा-जाणारा सांगायला लागला, आजी, तुम्ही दवाखान्यात आहात. कंडक्टरबाई म्हणायच्या, माहितेय, पण गाडी का उभी आहे? कठडे कायम वर. आणि वॉर्डाच्या इन्चार्ज बाईंनी सांगून ठेवलं, परत उतरायला गेल्या तर मऊ पट्ट्यांनी हात बांधा.

उपाय वाईट नव्हते. गोंधळलेल्या माणसाला घड्याळ दाखवावंच. पण तहानेने वाळलेल्या माणसाला घड्याळ दाखवून काय होणार? किती वाजता वाळला ते कळेल, एवढंच.  दोन लिटर पाणी पोटात घेऊन मी हातभर अंतरावर उभा, आणि बाईंच्या ओठांना भेगा.

मुलगा बुधवारीच म्हणाला, आता काय विचारायचं राहिलं, संस्थेला फोन करतो. सून म्हणाली, राउंडपर्यंत थांबा. मनगटावरची किल्ली बाईंनी तेवढी घट्ट धरली होती. बाकी त्यांना त्या वेळी कितपत कळत होतं, देव जाणे, तरी साडेतीनला ग्लास खिडकीबाहेर जातच होता.

सोडवलं कोणी? डॉक्टरांनी नाही, यंत्रांनी नाही. वॉचमनने.

खिडकीच्या बरोबर खाली सायकली ठेवायची पत्र्याची शेड होती आणि तिच्या कडेला वॉचमनचं स्टूल. तीन दिवस त्याची टोपी भिजत होती. त्याने तक्रार केली, वरचा नळ गळतोय. प्लंबर आला, ठोकून गेला. परत आला, वॉशर बदलून गेला. तिसऱ्यांदा आला आणि वॉचमनलाच म्हणाला की तुझं डोकं गळतंय. मग गुरुवारी वॉचमन ओली टोपी हातात घेऊन स्वतःच वर आला. चिडलेला, पण बोलायला थंड. पट्टीवाल्या सिस्टरना म्हणाला, "सिस्टर, नळ काय घड्याळ बघून गळतो का? रोज साडेतीन. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही."

सिस्टरनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या चौकटीवर पाणी ओघळल्याचे डाग होते. मग माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे माप म्हणून नाही, तर हा काय लपवतोय अशा नजरेने पाहिलं. मी असा थरथरलो की खालची कागदाची घडी निसटली.

त्यांनी बाईंना जीभ दाखवायला सांगितली. पॉलिश पेपरसारखी कोरडी. नाडी धरली, ती पळत होती. मावशीला बोलावून विचारलं, सकाळी किती झाली होती? मावशी म्हणाली, अर्धा कप असेल, काळ्या चहासारखी. मला वाटलं औषधाने होत असेल, म्हणाली. सिस्टरनी मान खाली घातली. रागावल्या नाहीत. रागवायला तोंड नव्हतं, खुणा मावशीच्या असल्या तरी सही त्यांचीच होती.

मग त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली, जी कोणी केली नव्हती. कठडा खाली केला, पलंगाच्या कडेला बसल्या आणि विचारलं, "आजी, पाणी का टाकता?"

कंडक्टरबाईंनी त्यांना जवळ वाकायची खूण केली. मग आवाज खाली आणून, अगदी शुद्धीत म्हणाल्या, "बाई, पाणी प्यायलं की उतरावं लागतं. तीस वर्षं मी घंटी मारली की गाडी थांबायची. इथे चारदा मारली, कोणी थांबलं नाही."

नंतर थांबत थांबत सगळं सांगितलं. फेरीवर बायकांना उतरायला जागा कुठे असायची? सकाळी डेपोतून निघताना घोट घ्यायचा तो रात्री घरी आल्यावरच पुढचा. तीच सवय कामी आली. आणि सुनेसमोर परत चादर ओली झाली तर ती म्हणेल, ही एकटी कशी राहणार. म्हणून नाही प्यायचं. चार दिवसांचा प्रश्न, काढीन म्हटलं.

सिस्टर उठल्या. डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासायला गेलं, सलाइन लागलं. मग त्यांनी आपला छापील कागद काढला आणि आपल्याच निदानावर रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. इन्चार्ज बाई म्हणाल्या, उद्या राउंड आहे आणि तू छापील कागद खराब केलास. सिस्टर म्हणाल्या, कागद आधीच खराब होता, आज दुरुस्त केला. नवीन लिहिलं ते हाताने. शरीरात पाणी कमी. कारण, लघवीसाठी मदत वेळेवर मिळत नाही, म्हणून पेशंट पाणी टाळते. किती साधं वाक्य. पण त्यात आजीचं वय कुठेच नव्हतं, आमची घंटी होती.

उपायही तसाच. भोक असलेली खुर्ची पलंगाला लागून, भोवती पडदा. मावशीने हाक मारायची वाट बघायची नाही, दर दोन तासांनी स्वतः यायचं. आणि कागदावर सिस्टरनी वेळापत्रक आखलं, बसचं असतं तस्सं. सात वाजता एक ग्लास. आठला खुर्ची. नऊला ग्लास. दहाला खुर्ची. कागद कंडक्टरबाईंच्या समोर चिकटवला आणि म्हणाल्या, "आजी, ही तुमची फेरी. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबणार. नाही थांबली तर रिपोर्ट करा माझा."

शुक्रवारी राउंड आला तेव्हा बाईंच्या डोक्यात अजून अर्धी बस होती. मोठ्या डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने खिशातून संस्थेचा फॉर्म काढला. तो कागद बघून मला माझा पोचा ठणकल्यासारखा झाला. पट्टीवाल्या सिस्टर पुढे झाल्या. चूक माझी आहे, म्हणाल्या, चार दिवस आम्ही जगाचं पाणी मोजलं, आजींचं नाही. सोमवारपर्यंत थांबा. सोमवारीही अशाच असल्या तर फॉर्म मी स्वतः आणून देईन. डॉक्टरांनी भुवया उडवल्या आणि सोमवार लिहिला.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आता कोणीतरी समोर बसून ग्लास भरायचं आणि तो समोरच रिकामा व्हायचा, तरी प्रत्येक वेळी माझी नजर खिडकीकडे. शनिवारी त्या दोनदा बसमध्ये गेल्या. रविवारी एकदा. रविवारीच दुपारी मावशी खुर्चीसाठी आली तर त्यांनी समोरच्या घड्याळाकडे बोट केलं. तेच घड्याळ, जे उगीच लावलं होतं. म्हणाल्या, सात मिनिटं लेट. मावशी म्हणाली, ट्रॅफिक होतं, आजी. आणि दोघी हसल्या. मावशीने जाता जाता त्यांची चादर हाताने सारखी केली. माफी मागायची तिची तऱ्हा ती.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, आजी, आज वार कोणता? त्या म्हणाल्या, सोमवार, आणि तुमची फेरी वीस मिनिटं उशिरा आहे. घरी जायच्या कागदावर सही झाली. मुलाने फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. फाडला नाही. भित्रा आहे, म्हटलं ना.

बुधवारी त्या गेल्या. खाली टॅक्सी उभी, वॉकर धरून बाई उभ्या, मनगटावर किल्ली. निघायचं तर म्हणतात, थांबा. पलंगावर टेकल्या, मला कानाला धरलं, ग्लास काठोकाठ भरला. मुलगा म्हणाला, आई, तासाभराचा रस्ता आहे. त्या म्हणाल्या, माहितेय. आयुष्यात कधी निघण्याआधी पोटभर प्यायले नाही, आज पिऊन बघते.

सून म्हणाली, "प्या ना. वाटेत सांगा फक्त, थांबवू गाडी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि घोटघोट करत सगळा ग्लास संपवला. ते पाणी गळ्यातून उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे मला डोळे असते तर. मग त्यांनी बोटाच्या पेराने माझ्या पोटावर दोनदा वाजवलं. टण, टण. कंडक्टरची डबल घंटी. म्हणजे, चला.

त्या गेल्या. माझं म्हणाल तर कान आता निखळायला आलाय, झाकणवाले प्लास्टिकचे जग आलेत, माझी पाळी भंगाराची. तोवर तीन नंबरच्या लॉकरवर आहे. पट्टीवाल्या सिस्टरची बदली झाली. नव्या मुली चपळ आहेत, हसऱ्या आहेत. संध्याकाळी येतात, माझ्यात डोकावतात आणि लिहितात, दीड लिटर. म्हणून मला झोप नाही.

जाता जाता एवढंच सांगतो, पोरींनो. मी रिकामा आहे, याचा अर्थ मी रिकामा आहे. बाकी काही नाही. पुढचं त्या माणसाला विचारा, जीभ बघा, शेजारी टेका. छापील कागदात सगळं असतं, तो माणूस सोडून.

आता पुरे. तीन नंबरची घंटी वाजतेय, दुसऱ्यांदा. माझं काय ऐकत बसलात, जा ना कोणीतरी.